डालडा, साजूक तूप आणि कढईतले तेल

पिवळ्या डब्यावर माडाचे झाड मिरवणारा डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत हक्काने जाऊन बसला. नाव ‘वनस्पती तूप’, कच्चा माल तेलबियांचा. त्यामुळे तो हृदयाला निरुपद्रवीच असणार, असा समज रुजला. पुढे अशा पदार्थांच्या वेष्टणांवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ हे शब्दही झळकू लागले. दावा खरा, पण पोकळ. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसल्यातच जमा असते.

मेख होती कारखान्यात. गरम तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होऊ लागते. ही क्रिया अर्ध्यावर थांबवली, की मेदाम्लांच्या काही रेणूंचा नैसर्गिक बाक जातो आणि ते सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट. गंमत म्हणजे, हायड्रोजनीकरण पूर्ण केले तर ते जवळपास उरतच नाही. उरते ते संपृक्त मेद.

‘स्निग्ध पदार्थ सगळे सारखेच, वजन वाढले नाही म्हणजे झाले’ हा समजही असाच फसवा. उष्मांकांच्या हिशेबात सगळे मेद सारखे असले, तरी रक्तात त्यांची वागणूक निराळी. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात दिसले, की ट्रान्स फॅटमुळे घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते आणि वर हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. संपृक्त मेद एलडीएल वाढवते खरे, पण एचडीएल खाली खेचत नाही. आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी फक्त २ टक्के ट्रान्स फॅटमधून येऊ लागले, तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असे २००६ मधील एका मोठ्या आढाव्याने मांडले. २००० उष्मांकांच्या आहारात हे २ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम, चहाचा एक चमचा. सडपातळ माणसालाही यातून सूट नाही.

मग साजूक तुपाचे काय? त्यातही ट्रान्स फॅट असते, आणि हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात; दुधाच्या स्निग्धांशात त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम तुपात हे अर्ध्या ग्रॅमच्या आतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला सुमारे २.२ ग्रॅम आहे आणि तीत हे नैसर्गिक ट्रान्स फॅटही धरलेले आहे. वरणभातावरच्या तुपाला घाबरायचे असेल, तर त्यातल्या भरपूर संपृक्त मेदासाठी आणि वाढणाऱ्याच्या सैल हातासाठी!

तळणाने तेलाचा डालडा होतो, हे मात्र अतिशयोक्त. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने ट्रान्स फॅट थोडेसेच वाढते. वड्यांच्या कढईतले काळे पडलेले तेल वाईटच, पण मुख्यतः वेगळ्या कारणाने: त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यावे, असा नियम २०१८ पासून लागू आहे.

कारखान्यांवरचा लगाम टप्प्याटप्प्याने आवळला गेला. डेन्मार्कने २००३ मध्ये मेदातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ती ५ वरून जानेवारी २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के झाली. तेल-तुपाबरोबर त्यांपासून बनणारे पदार्थही तीत आले. त्यामुळे ‘वनस्पती म्हणजे विष’ हे आजच्या, नियम पाळणाऱ्या डब्याला लागू पडत नाही. तरी तो डबा पौष्टिक झाला असेही नव्हे. घट्टपणासाठी आता बऱ्याचदा पाम तेलाचा आधार घेतला जातो, आणि त्यात निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद असते.

बंद पाकिटावर निदान वाचायला काहीतरी असते. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ दिसले, तर पाकीट परत ठेवावे. वजनावर मिळणारी खारी, नानकटाई किंवा काचेच्या कपाटातले पॅटिस मात्र यादीविनाच हातात पडतात. तिथे मोहन कशाचे घातले आहे, हे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते.