लग्न थांबणे आणि लग्न टळणे

बीड जिल्ह्यात बालविवाह आणि ऊसतोडणी यांचे वेळापत्रक एकमेकांत गुंतलेले आहे. दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत वयात आलेल्या मुलीला ठेवायचे कुठे? गावात आजीपाशी ठेवली तर आईबापाच्या जिवाला घोर. फडावर नेली तर राहायला कोप, म्हणजे झोपडी; त्या कोपीला ना कडीचे दार ना न्हाणी, आणि आईबाप दोघेही पहाटेपासून तोडीवर. उरतो तिसरा मार्ग: निघण्यापूर्वी तिचे हात पिवळे करून टाकणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 टक्के आणि शेजारच्या परभणीत 48 टक्के आढळले.

मुलाकडच्यांचे गणित वेगळे असते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता तयार होतो, आणि लग्नाचा खर्च त्याच उचलीतून भागवता येतो. मुलीकडच्यांना, मुलगी लहान असली तर हुंडाही कमी द्यावा लागतो, शिवाय दोन घरांच्या सोयरिकीत पडणाऱ्या मध्यस्थालाही घाई असतेच. म्हणून ‘लोक अडाणी आहेत’ या निदानाचा फारसा उपयोग होत नाही. अठराच्या आत लग्न करणे हा गुन्हा आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. पत्रिका न छापणे, मांडव गावाऐवजी शेतात घालणे, साखरपुड्याला म्हणून बोलावून त्यातच लग्न उरकणे, या युक्त्या कायदा माहीत असल्याशिवाय सुचत नाहीत.

कायदा आणि रूढी यांची ही लपाछपी जुनी आहे. बालपणी लग्न झालेल्या आणि नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने 1880च्या दशकात मुंबई ढवळून निघाली आणि 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून आगरकर आणि टिळक यांच्यात किती जुंपली होती ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे 1929 साली शारदा कायद्याने मुलीचे किमान वय 14 ठरवले. तो 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार म्हटल्यावर मधल्या महिन्यांत देशभर लग्नांचा सपाटा लागला. वय 1978 साली 18 झाले. सध्याचा कायदा 2006 चा. त्यात असे लग्न लावणारा, त्याला हातभार लावणारा आणि अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा प्रौढ पुरुष यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे.

प्रत्यक्ष लग्न थांबवण्याची रीत ठरलेली आहे. 1098 या क्रमांकावर फोन येतो. बहुधा नाव न सांगता, कधी वर्गातल्या मैत्रिणीचा, कधी भावकीतल्याच कुणाचा. असे फोन सगळे मायेपोटीच येतात असेही नाही, बांधावरच्या भांडणाचा वचपाही त्यात असतो. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षातले लोक, पोलीस, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका असे मिळून घरी जातात. पहिला वाद वयाचा. आधार कार्डावरची तारीख पुढे केली जाते. पण शाळेचा दाखला आणि जन्मनोंद यांना कायद्याने वरचे स्थान आहे, म्हणून मुख्याध्यापकांकडून शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातली नोंद मागवतात. वय कमी निघाले की पालकांकडून हमीपत्र लिहून घेतात आणि मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. तोवर आचाऱ्याची चूल पेटलेली असते, पाहुणे येऊन बसलेले असतात. या गर्दीत अंगणवाडी सेविकेची अवस्था सर्वांत अवघड. अधिकारी संध्याकाळी जीपमध्ये बसून जातात. तिला त्याच गावात, कदाचित त्याच गल्लीत राहायचे असते. तिने फोन केला असो वा नसो, संशय तिच्यावरच येतो.

हमीपत्राने त्या दिवसाचे लग्न थांबते, इतकेच. पंधरा दिवसांनी मुलीला मामाच्या गावी नेऊन रात्रीतून लग्न लावले, किंवा कारखान्याच्या तळावरच उरकले, तर कळायला मार्ग नसतो. हमीपत्रानंतर मुलीच्या घरी वारंवार जाणारे कुणी नसेल तर तो कागद फायलीत राहतो.

रूढी बदलण्याचे काम याच्या बरेच आधी सुरू व्हावे लागते. रूढींचे अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या काढतात: इतर लोक काय करतात याविषयीचा आपला अंदाज, आणि आपण तसे केले नाही तर ते काय म्हणतील याविषयीचा अंदाज. माणसाचे स्वतःचे मत या दोन्हींहून वेगळे असू शकते. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतः संसारात पडलेल्या अनेक आया खासगीत बोलताना मुलीने शिकावे असेच म्हणतात. पण ‘पोरगी घरात ठेवली, काही वाकडं झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही’ हे वाक्यही त्याच तोंडून येते. प्रत्येकीला वाटते की थांबावेसे वाटणारी आपण एकटीच. म्हणून घरोघरी जाऊन एकेकीला पटवण्याला मर्यादा पडते. पटलेले असतेच, पटल्याचे दुसरीला माहीत नसते. महिला बचत गटाच्या बैठकीत दहाजणींनी एकमेकींसमोर तेच बोलणे याचे महत्त्व म्हणूनच मोठे.

हे ‘लोक’ नेमके कोण, हे ओळखण्यात बरेच कार्यक्रम फसतात. ग्रामसभेत हात वर करून शपथ घेतली जाते, फलक लागतो, छायाचित्र निघते. पण मुलीच्या बापाला सरपंचाच्या मताची फारशी फिकीर नसते. त्याला पर्वा असते ती भावकीची, सोयऱ्यांची आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांची, आणि त्यातले निम्मे दुसऱ्या गावांत असतात. त्यामुळे एकाच गावावर जोर देण्याऐवजी सोयरिकी होणाऱ्या गावांचा पट्टा धरून काम केलेले बरे. मुकादम, गावाचे कीर्तनकार, समाजाच्या मेळाव्यातले वडीलधारे हे या पट्ट्यात फिरणारे लोक. मंगल कार्यालयाचे मालक, भटजी, मंडपवाले, आचारी आणि पत्रिका छापणारे यांनी आधी वयाचा दाखला मागावा, असे तुळशीचे लग्न आणि अक्षय्य तृतीया यांच्या सुमारास प्रशासन बजावते. ते उपयोगी आहे, कारण नकाराची जबाबदारी आईबापावर न येता परक्या माणसावर जाते. बापाला ‘दाखल्याशिवाय हॉल मिळंना’ असे सांगून पाव्हण्यांपुढे वेळ मारून नेता येते.

रूढी बदलण्याच्या अशा कामाचा मराठवाड्यातच एक जुना, नीट तपासलेला दाखला आहे. पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने 1990च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. आठवड्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक तास. आरोग्य, पोषण, कायदा, स्थानिक संस्थांची ओळख असे विषय. मुलींच्या लग्नाचे मध्यक वय तिथे 16 वरून 17 वर गेले. एक वर्ष म्हणजे फार नव्हे असे वाटेल. पण दहावीची परीक्षा त्याच सुमारास येते. पालकांना, विशेषतः वडिलांना, आधीपासून विश्वासात घेतले होते हेही तिथे महत्त्वाचे ठरले. मुलीलाच धीट करून घरात एकटी सोडणे हा अन्यायच.

तरीही बोलण्याने काम तेव्हाच भागते, जेव्हा पाच-सहा महिन्यांच्या राहण्याचा प्रश्न सुटतो. हंगामी वसतिगृहे त्यासाठीच आहेत: आईबाप तोडीवर गेले तरी मूल गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 साली जाहीर झाली. हंगामी सोयीतली अडचण साधी आहे: जेवण मिळते, पण मूल रात्री झोपते आजी-आजोबांकडेच, आणि पालकांचा घोर रात्रीचाच असतो. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते तिथे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटीने मोठा फरक पडतो. बस वेळेवर न येणे हे लग्न ठरण्याचे कारण असू शकते, हे बालविवाहाच्या फलकांवर कुठेच लिहिलेले नसते.

शिक्षेचा धाक किती वापरावा यावर या क्षेत्रात एकमत नाही. आसाममध्ये 2023 साली बालविवाहाच्या आरोपाखाली हजारो माणसांना अटक झाली. अठराखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली म्हटले; बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरला अशी गरोदर मुलगी आल्यास पोलिसांना कळवणे भाग आहे. लग्न होऊन चुकलेली सोळा वर्षांची मुलगी मग दवाखान्यातच येत नाही, आली तर वय वाढवून सांगते. ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही खटल्यांपेक्षा प्रतिबंधावर आणि समाजात काम करण्यावर भर दिला. लग्न लावून देणाऱ्या मध्यस्थावर गुन्हा आणि मुलीला उपचार, शाळा व हवे असल्यास लग्न रद्द करून घेण्याची मदत, अशी विभागणी करणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो.

कामाची मोजदाद हा शेवटचा पेच. जिल्ह्याच्या अहवालात ‘रोखलेले बालविवाह’ असा रकाना असतो. तो आकडा वाढला तर काम चांगले म्हणायचे की लग्ने वाढली म्हणायचे, हे त्यावरून ठरत नाही. ज्या मुलीची सोयरीक जुळवायलाच कुणी गेले नाही, तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. तिचा माग ठेवायचा तर गाव बाल संरक्षण समितीला चौदा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलीची यादी हवी: दिवाळीनंतर ती कुठे राहते, शाळेत हजर आहे का, मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसली का, पुढच्या हंगामात आईबाप निघाले तेव्हा तिचे नाव वसतिगृहाच्या पटावर आहे का. ही यादी अंगणवाडी सेविका आणि शाळा यांच्या रजिस्टरांतून काढता येते. तिच्यासाठी वेगळा निधी लागत नाही; लागते ते दर महिन्याला ती उघडून वाचणारे कुणीतरी.