मालक नसलेल्या मजुरांचा हिशेब

कीटकाचे नाव वृत्तपत्रात येते ते बहुधा एखाद्या आपत्तीच्या निमित्ताने. २०१७ च्या खरिपात शेंदरी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पोखरला. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर उतरली. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांपर्यंत येऊन पोहोचली. प्रत्येक वेळी चार दिवस चर्चा झाली, औषधांच्या शिफारशी निघाल्या आणि पीक गेले किंवा वाचले, की विषय मिटला.

परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत कीटकांविषयी दुसऱ्याच प्रकारच्या वार्ता जगभरातील प्रयोगशाळांतून व निरीक्षकांच्या वह्यांतून येऊ लागल्या आहेत. त्यांतील काही कीटकांच्या अंगच्या थक्क करणाऱ्या गुणांच्या आहेत, तर काही त्यांच्या झपाट्याने होणाऱ्या ऱ्हासाच्या. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे अर्थशास्त्रातील एक जुनाच प्रश्न नव्याने समोर उभा राहतो. ज्या श्रमाला मालक नाही, आणि म्हणून ज्याला बाजारात किंमत नाही, त्या श्रमाचे मोल समाजाने कसे ठरवावयाचे?

शून्य जाणणारी माशी

मधमाशी नाचून आपल्या भगिनींना फुलांची दिशा व अंतर सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी सिद्ध केले आणि त्याबद्दल १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे ज्ञान माशी जन्मतःच घेऊन येते, असा समज दीर्घकाळ होता. २०२३ मध्ये चीन व अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला. अनुभवी माश्यांचा नाच पाहण्याची संधी ज्या तरुण माश्यांना मिळाली नाही, त्यांचा नाच विस्कळीत निघाला. सरावाने दिशेतील चूक सुधारली. अंतर सांगण्यातील चूक मात्र जन्मभर राहिली. योग्य वयात शिकवणी न मिळाल्याचे नुकसान पुढे भरून निघत नाही, हा शिक्षकांच्या परिचयाचा अनुभव पोळ्यातही खरा ठरला.

त्यापूर्वी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मधमाश्यांना दोन आकड्यांतील लहान आकडा ओळखावयास शिकविले होते. मग त्यांच्यापुढे एक ठिपका असलेला कागद आणि अगदी कोरा कागद ठेवला, तेव्हा माश्यांनी कोऱ्या कागदाला लहान मानले. ‘काहीच नाही’ हेही संख्येच्या रांगेत एकाच्या अलीकडे बसते, ही कल्पना मानवी संस्कृतीलाही सहज सुचलेली नाही.

ऑस्ट्रेलियातील ‘बोगाँग’ पतंगाची कथा याहूनही विलक्षण आहे. उन्हाळा टाळण्यासाठी हा पतंग रात्रीच्या प्रवासाने सुमारे हजार किलोमीटर दूरच्या डोंगरातील थंड गुहा गाठतो. ती वाट दाखवावयास आईबाप हयात नसतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव नाहीसा करून या पतंगांना कृत्रिम तारांगणाखाली उडू दिले. ते त्या ऋतूतील योग्य दिशेने उडू लागले. आकाश उलटे फिरविताच त्यांनीही दिशा बदलली. ताऱ्यांची मांडणी विस्कटताच ते गोंधळले. ताऱ्यांच्या आधारे दूरच्या प्रवासाची दिशा राखणारा कीटक प्रथमच ज्ञात झाला. आणि याच पतंगाची संख्या २०१७ नंतरच्या अवर्षणात अशी कोसळली, की २०२१ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घालावे लागले. गुणाची वार्ता आणि ऱ्हासाची वार्ता एकाच प्राण्याची असावी, हे बोलके आहे.

हौशी माणसांची मोजणी

हा ऱ्हास प्रथम लोकांच्या नजरेस ठसठशीतपणे आणून दिला तो जर्मनीतील क्रेफेल्ड या गावातील कीटक-अभ्यासकांच्या मंडळाने. १९०५ साली स्थापन झालेल्या या मंडळातील बहुतेक सभासद हौशी. १९८९ पासून त्यांनी एकाच बनावटीचे तंबूसारखे सापळे ६३ संरक्षित ठिकाणी लावले, त्यांत सापडलेले उडते कीटक वजन करून नोंदविले, आणि हा उद्योग २७ वर्षे चालविला. २०१७ मध्ये त्या वह्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कीटकांचे एकूण वजन चार हिश्शांतील तीन हिश्शांहून अधिक, म्हणजे ७६ टक्के घटले होते. ही घट राखून ठेवलेल्या क्षेत्रांतील होती, उघड्या शेतांतील नव्हे.

या निष्कर्षावर आक्षेप आले, ते योग्यच झाले. सर्व ठिकाणी दरवर्षी सापळे लागलेले नव्हते आणि एका देशावरून जगाचा अंदाज बांधता येत नाही. पुढे २०२० मध्ये जगभरातील १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात चित्र थोडे सौम्य दिसले. जमिनीवरील कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटत होते, तर गोड्या पाण्यातील कीटक सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते. पाश्चात्त्य देशांत नद्या स्वच्छ करण्याचे जे कायदे झाले, त्यांचा या वाढीशी संबंध असावा असे अभ्यासकांचे मत आहे. पण या पाहण्यांतील बहुतेक युरोप व उत्तर अमेरिकेतील होत्या. कीटकांची सर्वाधिक विविधता ज्या उष्ण कटिबंधात आहे, तेथील अशा वह्या फारच थोड्या आहेत.

पृथ्वीवर मुंग्या किती, हा बालसुलभ प्रश्नही २०२२ मध्ये गंभीरपणे सोडविला गेला. ४८९ अभ्यासांतील मोजण्या जुळवून संशोधकांनी उत्तर काढले: सुमारे दोन कोटी अब्ज. त्यांच्या शरीरातील कार्बन सुमारे १ कोटी २० लाख टन भरतो. म्हणजे सर्व वन्य पक्षी व वन्य सस्तन प्राणी मिळून जेवढा होईल त्याहून अधिक. एवढा प्रचंड कामगारवर्ग माती उकरतो, बी पसरवितो, मेलेले उचलतो आणि कोणाच्याही हजेरीपटावर नसतो.

सफरचंद, मध आणि अर्थशास्त्र

अर्थशास्त्राला माशी अपरिचित नाही. १९५२ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, सफरचंदाची बाग आणि शेजारचा मधमाशीपालक यांचे उदाहरण दिले. बागाईतदाराने झाडे वाढविली तर मध वाढतो, पण त्याचा मोबदला त्याला मिळत नाही; बाजार येथे अपुरा पडतो, असा त्यांचा मुद्दा. १९७३ मध्ये स्टीव्हन चियुंग यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्रत्यक्ष व्यवहार तपासून दाखविले, की तेथे बागाईतदार व मधपाळ यांच्यात पेट्यांच्या भाड्याचे रीतसर करार होतात. बाजाराने वाट काढलेली होती.

हा वाद बहुतेक पाठ्यपुस्तकांत येथे संपतो. वस्तुतः खरा प्रश्न येथे सुरू होतो. करार पेटीतल्या माशीचा होतो, कारण पेटीला मालक आहे. रानातल्या माशीशी करार कोणी करावयाचा? २०१३ मध्ये ४१ पिकांच्या जगभरातील नोंदी तपासून असे आढळले, की फळधारणा वाढविण्यात रानटी कीटकांच्या भेटी पाळीव मधमाश्यांच्या भेटींपेक्षा दुपटीने गुणकारी ठरतात. आपल्याकडील आग्या माशी पेटीत राहतच नाही. कडेकपारीला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला ती पोळे लावते. कांद्याचे बी, सूर्यफूल, भोपळवर्गीय भाज्या यांच्या उत्पन्नात तिचा व तिच्यासारख्यांचा वाटा असतो. हिशेबात मात्र तो खताच्या वा बियाण्याच्या नावावर जमा होतो.

या बिनपगारी कामाचे मोल काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००६ मध्ये अमेरिकेतील दोन कीटकशास्त्रज्ञांनी केवळ चार कामे धरली: शेण जिरविणे, किडींचा बंदोबस्त, परागीभवन आणि पशुपक्ष्यांचे अन्न होणे. केवळ त्या एका देशापुरता हा आकडा वर्षाला किमान ५७ अब्ज डॉलर निघाला. २०१६ मध्ये जैवविविधतेविषयीच्या आंतरसरकारी मंचाने जगभरातील परागवाहकांवर थेट अवलंबून असलेल्या पीक-उत्पन्नाची वार्षिक किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर ठरविली. असे आकडे नेमके कधीच नसतात. पण ज्या रकान्यात आजवर शून्य मांडले जात होते, तेथे शून्य नाही एवढे त्यांनी निश्चित केले.

आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष उदाहरण अधिक पटते. मलेशियात १९८१ पूर्वी तेलमाडाच्या फुलांवर मजूर लावून हाताने पराग टाकावे लागत. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. ते आले, पण त्याचे परागीभवन करणारा भुंगेरा मागेच राहिला होता. त्या वर्षी तो कॅमेरूनहून आणून सोडला, आणि हाताने पराग टाकण्याचे काम थोड्याच काळात संपले. भारत जे खाद्यतेल सर्वाधिक आयात करतो, त्या पामतेलामागे या भुंगेऱ्याची मजुरी आहे.

भारतातील उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचे. ही परदेशी कीड २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळली आणि पपईबरोबर तुती व साबुकंदावरही पसरली. फवारण्यांना ती दाद देईना. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा परोपजीवी गांधीलमाश्या आणून वाढविल्या व शेतांत सोडल्या. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात. काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली आणि पुढील वर्षांचा फवारणीचा खर्च वाचला. या माश्यांचे ना बिल आले, ना दरवर्षी नवी खरेदी करावी लागली. ज्या वस्तूची पुन्हा विक्री होत नाही तिचा प्रचार करण्यात व्यापाऱ्याला स्वारस्य नसते. म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांनाच करावे लागते.

फवारणीचा अर्धा हिशेब

यावरून शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. बोंडअळीने होणारे नुकसान त्याच्या एकट्याच्या पदरात पडते. मित्रकीटक वाचविल्याचा लाभ सगळ्या शिवारात वाटला जातो. अशा स्थितीत तो फवारणी करतो, हे व्यवहाराला धरूनच आहे. शिवाय त्याला सल्ला देणारा आणि औषध विकणारा बहुधा एकच दुकानदार असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणजे अपुऱ्या हिशेबाची किंमत केवळ कीटकांनी मोजली असे नव्हे.

कीड दिसली की फवारावयाचे नसते, हे शास्त्राने फार पूर्वी सांगितले आहे. कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही कल्पना मांडली. किडीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होईल, तेव्हाच औषध वापरावे, हे तिचे सार. आपल्याकडील शिफारसही त्याच धर्तीची आहे: कपाशीत कामगंध सापळे लावावेत आणि सलग तीन दिवस दर सापळ्यात ८ ते १० पतंग आढळले तरच उपाय योजावा, फरदड घेऊ नये, कारण त्यावर अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. शिफारस उत्तम आहे. पण सापळ्यातले पतंग मोजावयास प्रत्येक गावात जाणता, विक्रीत हितसंबंध नसलेला माणूस लागतो. त्याच्या वेतनाचा खर्च अनुत्पादक समजणे हीच खरी उधळपट्टी होय.

काजव्यांच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजवे पाहण्यास गर्दी लोटते आणि आदिवासी गावांना चार पैसे मिळतात. येथे कीटकाला प्रथमच बाजारभाव आला. परंतु काजव्यांचे लुकलुकणे हा नरमादीचा संकेत आहे. मोटारींच्या दिव्यांत तो हरवतो आणि गवतात बसलेल्या माद्या पायांखाली जातात. किंमत आली पण मर्यादा आली नाही, तर माल लवकर संपतो. गावाने स्वतःच गाड्या लांब थांबविल्या, विजेऱ्या बंद ठेवविल्या आणि रोजची संख्या ठरविली, तर त्यात गावाचेच दीर्घकालीन उत्पन्न आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत काही चांगल्या खुणा उमटविल्या आहेत. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. नीलवंताला तो मान मिळाला. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मानसन्मानांच्या पुढची पायरी मोजणीची आहे. त्यासाठी मोठा निधी लागतो असे नाही. क्रेफेल्डच्या मंडळाजवळ होती ती चिकाटी आणि एकसारखी पद्धत. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या आवारात, एखाद्या शाळेने आपल्या ओढ्याकाठी, दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच रीतीने कीटकांची नोंद केली आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर वीस वर्षांनी त्या वहीचे मोल कोणत्याही समितीच्या अहवालाहून अधिक असेल. शिक्षकाच्या बदलीने वा निवृत्तीने ती बंद पडणार नाही एवढी तजवीज मात्र संस्थेने केली पाहिजे.

नदीतले कीटक परत येऊ शकतात, हे जगाने पाहिले आहे. ऱ्हास हा काही विधिलिखित नाही. परंतु कोणत्याही पेढीचा सुधार खातेवही उघडल्यापासून सुरू होतो. मधमाशीलाही कोऱ्या कागदाचा अर्थ कळतो. आपल्या शिवारांच्या वहीतील कोरे पान म्हणजे तेथे काहीच घडले नाही असे नव्हे, हे माणसाने आता ओळखावयास हवे.