चिमणीचा धूर आणि गाईचं दूध

कारखान्यांचा घातक कचरा जाळायच्या भट्ट्या आपल्याकडे तळोजा, रांजणगाव अशा ठिकाणी आहेत. त्या धुराचा धोका जोखायचा कसा, ते आज बोलू.

नुसता रंग पाहून काही कळत नाही. पांढरा लोट पुष्कळदा वाफेचा असतो. बारीक धूळ आणि आम्लाची वाफ असली तर डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला लगेच धाप लागते. पण सगळ्यात चिवट विष, डायॉक्सिन, ना दिसतं ना त्याचा वास येतो. क्लोरीन असलेला कचरा, जसं पीव्हीसी, अर्धवट जळला की ते तयार होतं. (परसात प्लास्टिक पेटवलं तरी होतं, बरं का.) म्हणून भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि धूर तिथं निदान २ सेकंद राहावा लागतो. मग तो झटकन थंड करायचा, नाहीतर विष पुन्हा तयार होतं.

आपल्याला वाटतं, हे श्वासातून अंगात जात असेल. खरं तर डायॉक्सिन ९० टक्क्यांहून जास्त अन्नातूनच जातं. धुरातले कण गवतावर बसतात, गवत गाय खाते, आणि विष दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ १९८९ साली हेच झालं. कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या परिसरातल्या गाईंच्या दुधात डायॉक्सिन सापडलं आणि ते दूध विकायला बंदी आली. भट्टी दुसऱ्याची, फटका गोठ्याला!

दूध तापवून हे विष जात नाही. म्हणून नुसती हवा तपासून भागत नाही. वारा ज्या अंगाला वाहतो तिकडच्या शिवारातलं दूध आणि मोकळ्या कोंबड्यांची अंडीही तपासायला हवीत. कोंबडी मातीतलंच टिपते ना! बाळाला अंगावर पाजणं मात्र थांबवू नका, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.

ग्रामसभेत चिमणीचा अहवाल मागा. डायॉक्सिनची मर्यादा चिमणीतल्या एका घनमीटर धुरात ०.१ नॅनोग्रॅम आहे. फाटकावरच्या फलकावर धूळ आणि वायूंचे आकडे दिसतात, पण डायॉक्सिन तसं क्षणाक्षणाला मोजलं जात नाही. नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेव्हा एवढं विचाराच: नमुना कुठल्या तारखेला घेतला, आणि त्या दिवशी भट्टीत काय जळत होतं?