छत्री की केबल?

रेडिओवरून टीव्हीविषयी बोलायचे म्हणजे सवतीच्या लेकीचे लग्न जुळवून देण्यासारखे आहे. तरीही आज ते काम अंगावर घेतले आहे. कारण असे की, दसरा-दिवाळी जवळ आली की वाईच्या बाजारपेठेत एक प्रश्न हमखास कानावर पडतो. मोठा, चपटा, एचडी टीव्ही घेतला. आता त्याला छत्री लावायची की केबल घ्यायची? मी काही इंजिनिअर नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हा प्रश्न इंजिनिअरपेक्षा घर चालवणाऱ्याचा जास्त आहे, म्हणून त्यात तोंड घालण्याचे धाडस करतो.

आधी एचडी म्हणजे काय ते पाहू. टीव्हीचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. रांगोळीचे ठिपके जितके जवळजवळ आणि जितके जास्त, तितकी नक्षी नाजूक काढता येते, तसेच हे. आपल्याकडच्या जुन्या, साध्या चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके, म्हणजे एकूण 4,14,720. एचडी चित्रात 1920 आणि 1080, म्हणजे 20,73,600. बरोबर पाचपट. या पाचपटीसाठीच आपण जास्तीचे पैसे मोजतो.

पण पैसे मोजले म्हणजे ते चित्र घरात आलेच असे होत नाही. अनेक घरांत भिंतीवरचा टीव्ही एचडी असतो आणि त्यावर दिसणारे चित्र साधेच असते. धोम धरणात पाणी कितीही असो. शेताच्या बांधावरची चारी अरुंद असेल तर पिकाला चारीएवढेच पाणी मिळते. टीव्हीचेही तसेच आहे. वाहिनी एचडी हवी, आपल्या पॅकेजमध्ये तीच एचडी वाहिनी हवी, बॉक्स एचडी हवा, बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर एचडीएमआय हवी आणि टीव्हीही एचडी हवा. या पाचांपैकी एक जरी साधे निघाले तरी चित्र साधे. पुष्कळ घरांत दोष निघतो तो वायरीत. लाल, पिवळ्या, पांढऱ्या पिनांची जुनी वायर तशीच जोडलेली असते. तिच्यातून एचडी चित्र जातच नाही. तेव्हा छत्री की केबल हा वाद घालण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून वायर पाहा. आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये 576 ऐवजी 1080 निवडले आहे का, तेही पाहा.

आता मूळ प्रश्नाकडे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळचे प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून व्हायचे आणि डोंगर आडवा आला की अडायचे. वाई तर डोंगरांच्या ओंजळीत बसलेले गाव. एकीकडे पांडवगड आणि मांढरदेवाचा डोंगर, दुसरीकडे सोनजाई, पसरणीचा घाट. अशा गावात कौलांवर उंच पाइप, त्यावर ॲल्युमिनियमची अँटेना, खाली बूस्टर असा सरंजाम करूनही पडद्यावर मुंग्या ठरलेल्या. 1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्यामागून गल्लीतला केबलवाला आला. त्याने गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि या खांबावरून त्या झाडावर, त्या झाडावरून आपल्या खिडकीत तार आणून सोडली. 2003 साली डिश टीव्हीने थेट घरावर लहान छत्री बसवण्याची, म्हणजे डीटीएचची सुरुवात केली. पुढच्या वर्षी दूरदर्शनची मोफत सेवा आली. तिलाच आज आपण फ्री डिश म्हणतो. 2006मध्ये टाटा स्काय आली, ती 2022पासून टाटा प्ले झाली. 2010च्या सुमारास भारतात एचडी वाहिन्या दिसू लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने त्याच वर्षी एचडीत दाखवल्या. केबललाही सरकारने टप्प्याटप्प्याने डिजिटल व्हायला लावले. पहिला टप्पा 2012 साली मुंबईसारख्या महानगरांचा. वाईसारख्या नगरपालिकांच्या गावांसाठी 2015 अखेरची मुदत होती, तर खेड्यांसाठी ती पुढे मार्च 2017पर्यंत गेली. म्हणजे आज छत्री काय आणि केबल काय, दोन्ही डिजिटल, दोन्हींना बॉक्स, दोन्हींवर एचडी मिळते. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक पावसाचा. डीटीएचचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आकाशात एका जागी टांगल्यासारखा राहतो. वाईतून पाहिले तर बहुतेक कंपन्यांचे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला, बरेच वर आहेत. म्हणून आपले डोंगर त्यांना आडवे येत नाहीत. आडवे येते ते शेजाऱ्याचे वाढलेले आंब्याचे झाड, नाहीतर समोर उठलेली नवी इमारत. आणि आडवा येतो पाऊस. घरच्या छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी असते जेमतेम अडीच सेंटीमीटर. पावसाचे टपोरे थेंब अशा आखूड लहरींना शोषतात आणि विखरून टाकतात. खरी छत्री पावसात कामाला येते, ही छत्री नेमकी पावसातच दगा देते!

केबलवाल्या कंपनीच्या केंद्रावरही उपग्रहाचीच छत्री असते. पण ती आकाराने अवाढव्य आणि तिथे येणाऱ्या लहरी बहुधा तिप्पट लांबीच्या. त्यांना पावसाचा त्रास फारच कमी. तिथून पुढे फायबरने आणि मग गल्लीतल्या तारेने चित्र घरी येते. म्हणून मुसळधार पावसात छत्रीवाल्यांचा टीव्ही बंद आणि केबलवाल्यांचा चालू, असे दृश्य दिसते. जुन्या काळी चित्र हळूहळू खराब व्हायचे, मुंग्या वाढत जायच्या. डिजिटल चित्राला मधली अवस्था फारशी नाही. आरशासारखे लख्ख असते, मग चौकोनी तुकडे पडतात आणि पडदा काळा.

पण केबलचेही दुखणे आहे. तिच्या वाटेत जागोजागी ॲम्प्लिफायर असतात आणि त्यांना वीज लागते. आपल्या घरी इन्व्हर्टर आहे, पण पलीकडच्या आळीतली वीज गेली आहे, तर केबल गेली. वादळात फांदी पडली, रस्ता खोदताना फायबर तुटली, माकडांनी तारेवर झोके घेतले, तरी केबल गेली. छत्रीचे तसे नाही. आपली वीज आणि आपले आकाश, एवढ्यावर ती चालते.

म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. वाईहून महाबळेश्वर तीसेक किलोमीटरवर, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाईच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा येतो. महाबळेश्वर-पाचगणीला, जिथे पावसाळा मुक्काम ठोकून असतो, तिथे चांगली केबल मिळत असेल तर तीच घ्यावी. वाईच्या पेठेत पाऊस येतो आणि जातो. तिथे छत्री वर्षातले थोडेच तास रुसते. आणि धोमच्या बाजूला किंवा बावधनच्या शिवारात मळ्यात वस्ती असेल, तर चार घरांसाठी तार ओढत कोणी येत नाही. तिथे छत्रीला पर्याय नाही.

दुसरा फरक पैशाचा, आणि इथे जरा हिशोबाची वही उघडावी. 2019च्या फेब्रुवारीपासून ट्रायने नवी पद्धत आणली. छत्री असो वा केबल, ग्राहकाने आपल्या वाहिन्या स्वतः निवडायच्या. नेटवर्कचे भाडे वेगळे, वाहिन्यांची किंमत वेगळी, वर 18 टक्के जीएसटी. हे भाडे तेव्हा कमाल 130 रुपये, करासह 153 रुपये 40 पैसे होते. 2024मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे आता दर विचारूनच घ्यावा लागतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा, 2019च्या पद्धतीत भाड्याच्या हिशोबात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली जायची. म्हणून सरसकट सगळे पॅकेज एचडी घेण्याची गरज नाही. घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या किती? क्रिकेट, एखादी चित्रपटाची, झी मराठी, स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी. तेवढ्याच एचडी घ्या. तीच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा तर लागलेली नाही ना, हेही तपासा. शिवाय एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. कंपनी बदलली की जुना बॉक्स माळ्यावर. तेव्हा वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी महिनाभर पाहून घ्यावे. आणि ज्यांना दर महिन्याला काहीच द्यायचे नाही, त्यांना फ्री डिश आहेच. मात्र तिथल्या बहुतेक वाहिन्या साध्या चित्राच्या आहेत.

तिसरा प्रश्न, आपल्याला एचडी खरेच दिसणार आहे का? 32 इंची टीव्ही आठ फुटांपलीकडून पाहिला, तर साध्या आणि एचडी चित्रातला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. 43 इंचीला हे अंतर साधारण साडेदहा फूट. म्हणजे लांबलचक माजघराच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहणाऱ्याने एचडीचे पैसे भरणे व्यर्थ. वाहिनी एचडी असली तरी कार्यक्रम एचडी असेलच असेही नाही. ऐंशीच्या दशकातल्या ज्या मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या, त्या एचडीवर दाखवल्या म्हणून सुधारत नाहीत. चित्रपटाच्या फिल्मवर मात्र तपशील भरपूर असतो. 2004 सालच्या ‘स्वदेस’मध्ये आपला मेणवलीचा घाट आहे. तो एचडीत पाहिला की पायऱ्यांचा दगड न् दगड वेगळा दिसतो.

परीक्षा कशी घ्यावी? माझी युक्ती सोपी आहे. एचडी वाहिनीवर पडद्यावर येणारी मराठी अक्षरे पाहा. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या यांच्या कडा रेखीव दिसल्या तर चित्र एचडी. अनुस्वार शिरोरेघेत बुडाला तर समजावे, कुठेतरी चारी अरुंद आहे. ही परीक्षा आपल्याच आळीत छत्री असलेल्या एका घरी आणि केबल असलेल्या एका घरी घ्या, आणि शक्यतो पावसाच्या दिवशी घ्या. दुकानातले चित्र पाहून निर्णय करू नका. तिथे बहुधा मुद्दाम तयार केलेली चित्रफीत लावलेली असते.

आता तिसरी वाटही झाली आहे, इंटरनेटची. पुष्कळ केबलवाले ब्रॉडबँडही देतात. तरुण मुले मोबाइलवर आणि ॲपवर सारे पाहतात. ट्रायच्या आकडेवारीत 2019च्या सुमारास डीटीएचचे ग्राहक सात कोटींच्या घरात होते, ते 2025पर्यंत सहा कोटींच्या खाली आले. ॲपवर चित्र उत्तम येते, फक्त थेट सामना काही सेकंद मागे असतो. शेजारी ‘सिक्सर’ म्हणून ओरडतो तेव्हा आपला गोलंदाज अजून धावतच असतो.

हे सगळे झाले चित्राचे. पण घरातली सगळी माणसे चित्राच्या ठिपक्यांसाठी टीव्ही पाहत नाहीत. आमच्या अम्मीचे वय ऐंशीच्या पुढे. दुपारी घर रिकामे होते तेव्हा मालिकेतल्या सुनाच तिच्याशी बोलतात. तिला पाचपट ठिपक्यांचे कौतुक नाही. टीव्हीचा एक रिमोट आणि बॉक्सचा दुसरा, यातच ती गोंधळते. चुकीचे बटण दाबले गेले की पडद्यावर निळा रंग येतो आणि संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत तो तसाच राहतो. अशा वेळी कंपनीच्या क्रमांकावर फोन लावून ‘हिंदीसाठी दोन दाबा’ ऐकत बसणे तिला जमणारे नाही. गल्लीतल्या केबलवाल्याचा मुलगा मात्र जाता-जाता आत डोकावतो, ‘‘काय झालं आजी?’’ म्हणतो आणि दोन मिनिटांत चित्र आणून देतो. या सेवेची किंमत कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते.

सगळीच केबल अशी नसते, हेही खरे. काही ठिकाणी तक्रार करून आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही, आणि छत्रीवाल्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर होतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की, छत्री की केबल हे ठरवताना शेवटचा प्रश्न पहिला विचारा. बंद पडले तर कोण येणार, आणि किती वेळात? हे शेजारच्या चार घरांत विचारून घ्या. तिथे जो दारात येऊन उभा राहतो, त्याचेच कनेक्शन घ्या. आणि घरात म्हातारे माणूस दुपारभर एकटे असेल, तर दोन्ही रिमोटच्या लागणाऱ्या बटणांवर तांबड्या नेलपेंटचा एकेक ठिपका तेवढा लावून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)