वेल्डरचं प्रमाणपत्र कसं मिळवायचं?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. गळीत हंगाम संपला की दुरुस्तीची कामं निघतात. गावातही ट्रॉली, नांगर, खिडकीचं ग्रील, सगळ्याला वेल्डिंग लागतंच. मग हे काम आपल्या लेकी-सुनांनी का शिकू नये?

आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी नापास मुलीलाही अर्ज करता येतो. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. पुढं कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, तर विद्यावेतनही मिळतं.

दुकानात बघून बघून हात बसतो, पण कारखान्याच्या दारात आधी कागद मागतात. म्हणून ‘पंधरा दिवसांत सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा, हे एनसीव्हीईटीची मान्यता असलेलं आहे का?

आणि वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नका, डोळे भाजतात. काळ्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे, सुती कपडे हवेतच. ओढणी लोंबती नको.

दहावीच्या निकालाच्या सुमारास जवळच्या आयटीआयत चौकशी करा. फीसाठी एखादी मुलगी अडली असेल, तर गटाच्या बैठकीत तिचा विषय आपणच काढू या.