कार्ली की डग?

मेकन शहरातलं औषधांचं दुकान. फुटक्या खिडकीतून आलेल्या हातांनी डगला धरलंय. इकडे कार्लीचा पाय एका चालत्या प्रेताने पकडलाय आणि बंदुकीच्या गोळ्या राहिल्यात पर्समध्ये, तिचा हात पोहोचणार नाही इतक्या लांब. वाचवता येणार एकालाच, तेही काही सेकंदांत ठरवून. टेलटेलच्या 'द वॉकिंग डेड' या 2012च्या गेममधला हा प्रसंग. मी कार्लीला वाचवलं. कारण सांगायला लाज वाटते, पण तिला नेम धरता येत होता.

तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला आमच्याच गटातल्या लिलीने तिला गोळी घातली. मी चडफडत पुन्हा पहिल्यापासून खेळलो, या वेळी डगला वाचवलं. त्याच रस्त्यावर, लिलीच्याच गोळीने तोही गेला.

"म्हणजे फसवणूकच की! निवडलं काय नि न निवडलं काय," असं इथे बरेच जण म्हणतात. कथाप्रधान गेम्सबद्दलचा हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. निवड खरी असेल तर दर वेळी गोष्टच वेगळी व्हायला हवी, असं आपण धरून चाललेलो असतो. जरा हिशोब मांडा. दोन-दोन पर्यायांच्या 10 निवडी, आणि प्रत्येकीनंतर कथा कायमची फुटली, तर 1,024 शेवट लिहावे लागतील. निवडी 20 केल्या की आकडा जातो 10,48,576 वर. प्रत्येकाचे संवाद, आवाज, हालचाली वेगळ्या करायच्या. कोणाला परवडणार? म्हणून लेखक कथेला फाटा फोडतात आणि थोड्या अंतरावर तो मूळ वाटेला आणून मिळवतात.

पण वाट एक झाली म्हणून प्रवास एक होत नाही. कार्लीवर लिली रागाच्या भरात थेट गोळी झाडते. डगच्या वेळी तिचा नेम गटातल्याच बेनवर असतो आणि बेनला बाजूला ढकलताना डग मरतो. जागा तीच, मरण मात्र वेगळं. मधल्या काळात मी ज्याच्याशी बोललो, ज्याच्यावर विसंबलो, तो माणूसही वेगळा. निवडीने बदलतं ते बहुतेक वेळा हेच.

शेवटांच्या आकड्यालाही भुलू नये. 'नीर: ऑटोमाटा'चे (2017) 26 शेवट आहेत, इंग्रजी मुळाक्षरांइतके. त्यातला एक बांगडा खाल्ल्यावर येतो! नायिका यंत्रमानव, तिला मासा सोसत नाही, खेळ खलास. (कोकणी माणसाला हा शेवट पटणं कठीण.) मुख्य शेवट पाचच. आणि तिथली दुसरी फेरी बरीचशी पहिल्याच घटनांची असते, फक्त आता तुम्ही तिच्या साथीदाराच्या, नाइनएसच्या नजरेने त्या पाहता.

तेव्हा पुन्हा खेळायचं ते वेगळा शेवट बघायला, हेही पूर्ण खरं नाही. 'डिस्को इलिसियम'मध्ये (2019) हॉस्टेलमागच्या झाडाला लटकणाऱ्या माणसाचा खुनी कितीही वेळा खेळलात तरी तोच निघतो. बदलतो तो तपास करणारा. त्याच्या अंगी 24 कौशल्यं आहेत आणि ती डोक्यात बसून आपापसांत बडबडतात. तर्क वाढवलात तर एक माणूस, संवेदना वाढवलीत तर निराळाच. शरीर अगदीच तोळामासा ठेवलंत, तर पहिल्याच खोलीत पंख्याला अडकलेला टाय काढताना हृदय बंद पडून मरताही येतं. खुनी कोण हे माहीत असूनही मी तो दुसऱ्यांदा खेळलो आणि निम्मे संवाद नवे निघाले.

राहता राहिली एक समजूत: चुकलं तर काय, मागे जाऊन पुसता येतं. बहुतेक गेम्समध्ये येतंच. टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'मध्ये (2015) सुरुवातीला टोरिएल नावाची प्रेमळ शेळीसारखी बाई आपल्याला पोटच्या पोरासारखं सांभाळते. माझ्या हातून ती मेली. मी गुपचूप जुन्या सेव्हवर गेलो, तिला जिवंत ठेवून बाहेर पडलो. पुढे एक फूल भेटलं, दात विचकून म्हणालं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. एवढ्यावर भागलं म्हणायचं. याच गेममध्ये एकूणएक सगळ्यांना मारून कथा पार केली आणि मग पश्चात्ताप होऊन कोणालाही न दुखावता पुन्हा खेळलात, तरी गोड शेवटावर आधीची सावली पडतेच. ती घालवायची तर काँप्युटरच्या फोल्डरमध्ये शिरून फाइलच खोडावी लागते.