शिशाच्या ढिगाऱ्यावरची फुलं

इंग्लंडमधल्या डर्बीशायरात शेल्डन नावाचं एक छोटं खेडं आहे. तिथल्या कुरणांतून, दगडी गडगे ओलांडत पंधरा-वीस जणांचा घोळका निघाला, की थोड्याच वेळात छप्पर नसलेली दगडी इमारत आणि धुराडी दिसू लागतात. ही मॅगपाय माइन, शिशाची जुनी खाण. सगळ्यांचे कॅमेरे वर वळतात. खरं नवल मात्र पायाखाली असतं!

इमारत १८६९ सालच्या पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनाची. तरी खोल खाणीतलं पाणी हटेना. मग १८७३ पासून आठ वर्षं खपून थेट वाय नदीपर्यंत बोगदा खोदला. खाण १९५४ साली बंद पडली, पण बोगद्यातून आजही पाणी वाहतंच आहे.

आता जरा गुडघे टेका. कामगार चुनखडीतल्या शिरा फोडायचे, चकाकणारं जड गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, निवडून घ्यायचे आणि उरलेला चुरा तिथेच टाकायचे. त्यात शिसं आणि जस्त इतकं राहिलं, की भोवतालचं दाट गवत ढिगाऱ्याच्या कडेलाच थबकतं. आणि त्या करड्या खड्यांतून करंगळीच्या नखाएवढी, पाच पाकळ्यांची पांढरी फुलं वर आलेली असतात: स्प्रिंग सँडवर्ट. तिला विषाची आवड आहे असं नाही. चांगल्या मातीत उंच गवत तिला दाबून टाकतं, इथे ते पोचतच नाही.

याच भागातल्या जुन्या खाणींभोवती उगवणारं अल्पाइन पेनीक्रेस तर कमालच करतं. जस्त टाळायचं सोडून ते मुळांनी ओढून घेतं आणि पानांच्या पेशींतल्या पोकळ्यांत कोंडून ठेवतं. सुक्या पानाच्या वजनात एक टक्क्याहून जास्त जस्त! अशी पानं किडे आणि गोगलगायी टाळतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे इतरांना मारणारा धातू या रोपट्याने स्वतःच्या रक्षणाला जुंपला.

पुढे अशाच ढिगाऱ्यांतल्या फ्लोरस्पार या खनिजाला उद्योगांत मागणी आली आणि डर्बीशायरातले कितीतरी ढिगारे फुलांसकट उकरले गेले. म्हणून घोळक्यातल्या कुणी विचारलं, ‘ही घाण साफ का करत नाहीत?’, तर मी कळकळीने सांगेन, करू नका. खत-माती घातली की गवत परत येईल आणि सँडवर्ट जाईल. मॅगपाय माइनला कायद्याने संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे, हे फार बरं झालं.